दादाची शिकवणी

४ जानेवारी

दादा,

तू कसा आहेस, वहिनी कशी आहे, गुडघे काय म्हणतात, हे सगळं मी या एका ओळीत उरकते. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि तोंडात गुळणी धरून बसतोस. म्हणून पत्र. पत्र निदान वहिनीच्या हातात पडेल आणि तिला ते फोडल्याशिवाय राहवणार नाही.

आपला धाकटा पकडला गेलाय हे तुझ्या कानावर आलंच असेल. काय झालं ते मात्र माझ्याकडून ऐक. विजेच्या मीटरचे आकडे घ्यायला तो उंच माणूस यायचा ना, जिन्याखाली वाकून शिरणारा, आईकडे हटकून पाणी मागणारा? त्याच्या तोंडावर धाकट्याने लोखंडी पाना घातला. भर सकाळी, अख्ख्या इमारतीच्या देखत. माणूस वाचला, पण त्याचा डावा डोळा गेला. मी धावत खाली आले तेव्हा धाकटा मीटरच्या पेटीला कान लावून बसला होता आणि "आई, आता बोल, तो गेला" असं म्हणत होता. पोलिसांनी यातलं काही ऐकलं नाही. खाकी कपडे दिसताच हा उठला, पँट झटकली, हात मागे बांधले आणि म्हणाला, "चूक झाली साहेब. माझंच चुकलं." हे त्याला कुणी शिकवलं ते मी सांगायला नको.

कोर्टाने त्याला मनोरुग्णालयात पाठवलंय, तिथल्या कैद्यांच्या वॉर्डात. महिनाअखेरीपर्यंत डॉक्टर त्याला बघणार, बोलणार आणि लिहून देणार, की हा माणूस खटल्याला उभा राहण्याइतका भानावर आहे की नाही. वकिलाने मला समजावलं तसंच तुला सांगते. भानावर नाही असं ठरलं, तर आधी उपचार, खटला मागाहून. भानावर आहे असं ठरलं, तर खटला लगेच, आणि हा शहाणा प्रत्येक प्रश्नाला "हो साहेब" म्हणून वर्षानुवर्षं आत जाणार. औषधाशिवाय. तुरुंगात त्याचं काय होईल हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, कारण औषधाशिवायचा धाकटा पहिल्यांदा तूच पाहिलास, गच्चीच्या कठड्यावर.

मला तुझ्याकडून एकच हवंय. तो डॉक्टरांना काहीही सांगत नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "दादाने सांगितलंय, घराबाहेर बोलायचं नाही." मी म्हटलं, "अरे, मी सांगते ना, बोल." तर हसला. माझ्या शब्दाला किंमत किती, हे आपल्या घरात कधीपासून ठरलेलं आहे. तू ये. त्याच्यासमोर उभा राहा आणि म्हण, "आता सांग. डॉक्टरांना सगळं सांग." एवढंच. मग हवं तर त्याच गाडीने परत जा, मी तुला चहासुद्धा विचारणार नाही.

मिरची
(नाव तूच ठेवलंस, आता झोंबलं तर ओरडू नकोस.)


९ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक. टपालाला वेळ लागतो असं मी स्वतःची समजूत घालते आहे.

काल भेटीचा दिवस होता. फाटकाशी पर्स काढून घेतात, केसांतल्या पिना काढून घेतात, पेन काढून घेतात. मग एक दार, ते मागे बंद झाल्यावरच पुढचं दार. आत पलंग जमिनीला बोल्टने ठोकलेले. आरसा काचेचा नाही, पत्र्याचा, त्यात तोंड वेडंवाकडं दिसतं. टीव्ही जाळीच्या पिंजऱ्यात. पायजम्याच्या नाड्या काढून घेतल्यात, त्यामुळे सगळे एका मुठीत पायजमा धरून चालतात. सगळे म्हणजे, आपला सोडून. आपल्याने कमरेशी कापडाची अशी काही गाठ मारलीये, की दोन्ही हात मोकळे. वॉर्डातल्या सिस्टरने मला कौतुकाने दाखवलं. "असे सगळे असते तर आम्हाला काही कामच उरलं नसतं," म्हणाली. तो चादरींच्या घड्या घालतो. शेजारच्याला भरवतो. सिस्टर त्याच्यावर फिदा आहे.

डॉक्टर एक बाई आहेत, माझ्याच वयाच्या, सर्दीने बेजार. माणूस वाईट नाही. मी आधी जाऊन त्यांना सगळं सांगितलं होतं, तुझ्या शिकवणीसकट. म्हणून त्यांनी मला खोलीत बसू दिलं. "तुम्ही मध्ये बोलायचं नाही," एवढीच अट.

दादा, मी आपल्या स्वयंपाकघरात बसले आहे असंच मला वाटलं. रविवार सकाळ, तू खांद्यावर टॉवेल टाकून डॉक्टर झालेला, चमच्याने टेबल ठोकणारा. आई गॅसकडे तोंड करून उभी. आणि धाकटा समोर खुर्चीत, हात मांडीखाली, म्हणजे बोटं हलणार नाहीत. समोरच्याच्या डोळ्यांत नाही, भुवयांच्या मधोमध बघायचं. प्रश्न संपला की मनात एक-दोन म्हणायचं, मगच उत्तर. काल यातलं एकही चुकलं नाही.

"आज वार कोणता?"

एक-दोन. "गुरुवार."

"झोप लागते?"

"छान लागते."

"कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं?"

"या वॉर्डात तर ठेवतातच ना, तुमचं कामच आहे ते."

बाई हसल्या. मग तुझा हुकमी एक्का. "कुणी नसताना आवाज येतात का?"

"आत्ता तुमचा येतोय."

बाई नाक पुसत पुसत अजून हसल्या. दादा, तो विनोद तू शिकवलास. "एकदा हसवलं की पुढचं विचारत नाहीत," असं म्हणाला होतास आणि आईसुद्धा हसली होती. पंधरा वर्षांपूर्वी, गच्चीच्या प्रकारानंतर, हॉस्पिटलातून तू त्याला याच विनोदावर बाहेर काढलंस आणि घरी आल्यावर तुझीच पाठ थोपटून घेतलीस. मग कोर्टाबद्दल विचारलं. जज काय करतात, सरकारी वकील कुणाच्या बाजूचा, तुमचा वकील कशासाठी. सगळं बरोबर. शेजारच्या पलंगावरच्या माणसाकडून शिकून घेतलंय. शिकण्यात तो कधीच मागे नव्हता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, त्याला मीटरबद्दल विचारा."

बाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण विचारलं. "मीटरमध्ये काय आहे?"

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. असं बघितलं, जणू मी त्याच्या पाठीत सुरी खुपसली होती. मग एक-दोन, आणि शांतपणे म्हणाला, "आई गेल्यापासून ताईची झोप नीट होत नाही, डॉक्टर. ती फार काळजी करते. तिलाही काही देता का बघा."

आणि बाईंनी माझ्याकडे बघितलं, दादा. निरखून. मी हात मांडीखाली घातले.

भेट संपताना तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "त्या बाईंच्या पेनात आकडे जातात. मी म्हणूनच कमी बोलतो." मी धावत जाऊन हे सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते मी लिहीन, 'बहिणीच्या सांगण्यानुसार' असं लिहीन. पण सरकारी वकील म्हणेल, बहीण भावाला वाचवायला काहीही सांगेल. त्याच्या तोंडून आलं पाहिजे, नाहीतर जुनी काही कागदपत्रं हवीत." कागदपत्रं. त्याबद्दल मी पुढच्या पत्रात बोलेन, आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही.

मिरची


१३ जानेवारी

दादा,

पत्र मिळालं. टाइप केलेलं, खाली सही. मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यातून बिलं जातात तीही यापेक्षा मायेची असतात.

तुझं म्हणणं असं, की तुरुंगाला मुदत असते, पागलखान्याला नसते. तुरुंगातून माणूस कधीतरी बाहेर येतो, तिथून येईलच असं नाही. शिक्का बसला की जन्मभर बसला. दादा, यात तथ्य आहे. मी काही तेवढी बुद्दू नाही. वकिलाला मी हेच विचारलं. तो म्हणाला, "हो, असं होतं कधी कधी. पण तुमचा भाऊ तुरुंगात औषधाशिवाय जगेल का, ते मला सांगा." तुला सांगता येत असेल तर सांग.

तुझं दुसरं म्हणणं असं, की मला त्याच्यापासून सुटका हवी आहे, म्हणून मी त्याला वेडा ठरवायला निघाले आहे. हे वाक्य तू वहिनीला वाचून दाखवलंस का रे, टाइप करण्याआधी? ऐक मग. हो. हवी आहे सुटका. तो आत गेल्यापासून मी दार आतून न अडकवता झोपते. सुऱ्या पुन्हा स्वयंपाकघरात ठेवल्या आहेत. परवा मी दुपारभर झोपले आणि उठल्यावर आधी बरं वाटलं, मग स्वतःची किळस आली. आई गेल्यावर तू दारात उभा राहून म्हणालास, "माझ्याकडे जागा नाही, आणि तुला तसंही कोण आहे." तेव्हापासून मी त्याला सांभाळते आहे. वहिनीला मी तेव्हा जे बोलले ते शब्द मी परत घेणार नाही, पण त्यावरून तू जो अबोला धरलास, त्यात सोय कुणाची झाली तेही बघ.

आता कागदपत्रांबद्दल. डॉक्टर म्हणतात, आधीचा काही इलाज झाला असेल तर त्याचे कागद आणा. मी काय आणू? हॉस्पिटलात तू त्याला दोन रात्रींत सोडवलंस, "थकवा" लिहून घेतलंस. नंतरच्या गोळ्या तुझ्या त्या डॉक्टर मित्राने लिहून दिल्या, तुझ्या नावावर. धाकट्याच्या नावाला डाग नको, त्याला पुढे नोकरी लागायची आहे, असं तू म्हणालास आणि आईने तुझ्या तोंडावरून हात फिरवला. इतकी वर्षं धाकटा तुझ्या नावाच्या गोळ्या खात होता. कागदोपत्री वेडा तू आहेस, दादा. मी ती चिठ्ठी डॉक्टरांना दाखवली असती तर त्यांनी तुलाच बोलावून घेतलं असतं.

आणि त्या गोळ्या आई गेल्यावर तू पाठवायच्या बंद केल्यास. मी फोन केला, तेव्हा तू म्हणालास, त्याला फोन दे. मी दिला. तू त्याची शिकवणी घेतलीस, वार कोणता, झोप कशी, आवाज येतात का, आणि मला म्हणालास, "ठणठणीत आहे, उगाच त्याच्या पोटात विष घालू नकोस." तेव्हा मीटरवाल्याला दोन्ही डोळे होते.

माझा राग जाऊ दे खड्ड्यात. तू तुझ्या मित्राकडून एक पत्र आण, की गोळ्या खरं तर कुणासाठी होत्या. तेही जमत नसेल तर येऊन ते एक वाक्य बोल. येणंही जमत नसेल तर फोनवर बोल. वॉर्डातून फोन लावून देतात, मी विचारून ठेवलंय.

मिरची


१६ जानेवारी

दादा,

आज धाकट्याला कोर्टात आणलं, पण नुसती तारीख पडली. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली, हातात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली. मला कळलं ती कोण. तिलाही कळलं मी कोण.

मग तीच म्हणाली, "तुम्ही म्हणता तो वेडा आहे?"

मी म्हटलं, "आजारी आहे."

"मगाशी मला बघून त्याने हात जोडले. मोठ्याने म्हणाला, तुमच्या घरच्यांची तब्येत कशी आहे. वेड्याला हे सुचतं का?"

दादा, मी काय सांगू तिला? की पाहुणा दिसला की हात जोडायचे आणि घरच्यांची चौकशी करायची, हा त्याचा पाठ आहे? की समोरच्याने चौकशीला उत्तर दिलं की पाहुणा निघून जातो, असं त्याला शिकवलंय? मी म्हटलं, "त्याला वाटतं घरात बोललेलं सगळं मीटरमध्ये जातं. आमच्या आईचा आवाज त्यात अडकला आहे आणि तुमचे यजमान तो दर महिन्याला थोडा थोडा घेऊन जातात, असं त्याच्या डोक्यात बसलंय."

तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाली, "आमचे हे आता घराबाहेर पडत नाहीत. दाराची कडी वाजली की दचकतात. लोकांच्या दारात जायचं हीच त्यांची नोकरी. मला तुमच्या भावाचं काही देणंघेणं नाही, ताई. फक्त तो उद्या पुन्हा कुणाला मारणार नाही असं तुमच्यापैकी कुणीतरी मला सांगा."

उपचार झाले तर सांगता येईल, एवढंच म्हणाले. ती उठताना म्हणाली, "मग करा ना. कुणी अडवलंय?"

कुणी अडवलंय, हे मी तिला सांगितलं नाही. घरची अब्रू राखली बघ तुझी.

आत्ताच तुझा मेसेज आला. "सोमवारी अकराला फोन करतो." दादा, मी शिव्या दिल्या त्या सगळ्या मागे घेते, वहिनीला दिलेल्यासुद्धा. मी डॉक्टरांना कळवलंय. त्या म्हणाल्या, फोननंतर लगेच त्याच्याशी पुन्हा बोलते, अहवाल तोवर लिहीत नाही. वाक्य लक्षात आहे ना? "आता सांग. डॉक्टरांना सगळं सांग. दादा सांगतोय." शेवटचे दोन शब्द विसरू नकोस, त्याच्यासाठी तेच महत्त्वाचे आहेत.

मिरची


१९ जानेवारी

दादा,

मिरचीला आता तुला नावाने हाक मारावीशी वाटते, पण दादा म्हणायची सवय जात नाही.

तू फोनच्या त्या टोकाला होतास, म्हणून या टोकाचं मी सांगते. तुला कळलं पाहिजे. दादाचा फोन येणार म्हटल्यावर धाकट्याने केस ओले करून भांग पाडला. पत्र्याच्या आरशात दिसत नाही म्हणून सिस्टरला विचारलं, सरळ आहे ना? इनचार्जच्या खोलीत टेबलाशी तो उभाच राहिला, बसायला तयार नाही. वॉर्डातल्या समाजसेविका बाईंनी स्पीकर लावला. मी त्याच्या मागे उभी होते.

तू म्हणालास, "काय रे, कसा आहेस?"

"छान आहे दादा. झोप छान, भूक छान."

मी वाट बघत होते. आता म्हणशील, आता म्हणशील.

"आज वार कोणता?" तू विचारलंस.

अरे देवा. तू सुरुवात केलीस. आणि त्याचा चेहरा उजळला, दादा, ते तुला कसं सांगू? आई गेल्यापासून त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हात मागे बांधून, एक-दोन म्हणून, तो फोनला उत्तरं देत होता. तू विचारत गेलास, तो सांगत गेला. "आवाज येतात का?" असं तू विचारलंस तेव्हा तर त्याला हसू आवरेना. "तुझा येतोय, दादा!" समाजसेविका बाईसुद्धा हसल्या.

मी पुढे होऊन ओरडले, "दादा, ते वाक्य! त्याला सांग!"

मी शपथेवर सांगते, त्या वेळी मला वाटलं तू बोलणार. तुझा श्वास मला ऐकू येत होता. मग तू म्हणालास, "शाबास. मी शिकवलेलं विसरला नाहीस. असाच राहा." आणि फोन ठेवलास.

मी समाजसेविका बाईंना म्हटलं, ऐकलंत ना, हीच ती शिकवणी, मी तुम्हाला सांगत होते ती हीच! त्या म्हणाल्या, "अहो, लहानपणी भावंडांचे असे खेळ असतातच. उलट असा मोठा भाऊ पाठीशी आहे, हे किती चांगलं." अहवालात घरचा आधार चांगला असल्याची नोंद होणार आहे. अभिनंदन.

डॉक्टर आल्या, सांगितल्याप्रमाणे. पुन्हा विचारलं. धाकटा भुवयांच्या मधोमध बघून सगळं बरोबर बोलला, आधीपेक्षा छान. मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेले, रडले, हात जोडले. बाई थांबल्या, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मला तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. खरंच. पण कोर्ट मला विचारणार, याला खटला समजतो का. आणि त्याला तो समजतो, हे मी स्वतः ऐकलंय. तुमचं म्हणणं मी खाली लिहीन." आमच्या दवाखान्यात लोक रात्रभर दातदुखीने तळमळून येतात आणि खुर्चीत बसल्यावर म्हणतात, आता दुखत नाहीये. त्यांचा दात तरी डॉक्टरला दिसतो.

तू असं का केलंस? भीती वाटली? की इतक्या वर्षांनी तुझा विद्यार्थी एवढा हुशार निघाला ते ऐकून छाती फुगली? मी आल्यापासून हाच विचार करते आहे. मला वाटतं, तू ते वाक्य बोलायलाच फोन केला होतास. आणि त्याचा तो आनंदी आवाज ऐकून तुला पुन्हा तो बरा झाल्यासारखा वाटला. असं असेल तर माझा राग जात नाही, उलट वाढतो.


३० जानेवारी

दादा,

हे शेवटचं पत्र. उत्तर टाइप करायचे कष्ट घेऊ नकोस.

परवा कोर्टात अहवाल आला. आरोपी भानावर आहे, वेळकाळ जाणतो, आरोप समजतो, वकिलाशी बोलू शकतो, खटल्याला उभा राहण्यास योग्य आहे. शेवटच्या पानावर बहिणीचं म्हणणं, अर्धा परिच्छेद. वकिलाने दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी मागितली. जजबाईंनी धाकट्यालाच विचारलं, तुम्हाला हवी आहे का? तो म्हणाला, "नको साहेब. माझी तब्येत छान आहे." अर्ज फेटाळला.

मग आरोप वाचला. जजबाई म्हणाल्या, हे तुम्हाला समजलं? "हो साहेब." गुन्हा कबूल आहे? वकील उठून उभा राहिला, "थांबा, मला माझ्या अशिलाशी..." तोवर हा म्हणून मोकळा झाला होता, "हो साहेब. चूक झाली. माझंच चुकलं." कुणी दबाव आणला आहे? "नाही साहेब." का केलंत हे? जजबाईंनी हे फार नीट विचारलं, दादा, पुढे वाकून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. याने एक-दोन म्हटलं. मी बाकावर बसून मनात म्हणत होते, सांग रे, मीटरचं सांग, आईचं सांग, एकदा तरी चूक कर. तो म्हणाला, "राग आला होता साहेब."

सात वर्षं.

त्या बाकावरच्या बाई पाठीमागे बसल्या होत्या. शिक्षा ऐकून त्यांना बरं वाटलं असेल असं मला वाटलं. जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे औषध नाहीच का देणार त्याला?" मी म्हटलं, नाही. त्या निघून गेल्या.

आज मी तुरुंगात भेटून आले. मध्ये जाळी आहे, दोन्ही बाजूंनी सगळे एकदम ओरडून बोलतात, त्यामुळे कुणाचंच काही ऐकू येत नाही. धाकट्याने जाळीला तोंड लावलं. बारीक झालाय. मी विचारलं, जेवतोस ना? छान, म्हणाला. मग म्हणाला, "ताई, मी सगळी उत्तरं बरोबर दिली ना?"

मी म्हटलं, हो.

"एकही चुकलं नाही?"

नाही चुकलं, म्हटलं.

तो सुटल्यासारखा हसला. म्हणाला, "मग मी सामान बांधून ठेवलंय. त्या वेळीही मी सगळी उत्तरं बरोबर दिली आणि दादा लगेच मला न्यायला आला होता. तो निघाला का? त्याला म्हणावं, गाडी फाटकाशी उभी कर, आत नको आणू, इथे आकडे टिपतात."

मी त्याला काहीही सांगितलेलं नाही, दादा. सात वर्षं म्हणजे काय हे त्याला कळलेलं नाही आणि मी ते कळवणार नाही. भेटीचा वार शुक्रवार. तो आल्यापासून सकाळी भांग पाडून तयार बसतो, असं तिथला शिपाई म्हणाला. मी त्याला एवढंच म्हटलं, की दादा येईल आणि स्वतःच सांगेल.